स्वयंपाकघरापलीकडचं शेत

माझ्या शेतात जायचं असेल तर आधी मोहनरावांच्या घरी चहा घ्यावा लागतो. दुसरी वाट नाही. पुढच्या दारात चपला काढायच्या, बैठकीत मोहनरावांशी पाऊसपाण्याचं बोलायचं, ताराबाईंनी आणलेला चहा संपवायचा, मग "जरा मागं जाऊन येतो" म्हणत उठायचं. डाव्या हाताला गॅस, उजव्या हाताला भांड्यांची मांडणी, मधून अंग चोरत मागच्या दारापर्यंत जायचं आणि कडी काढायची. उंबऱ्यापलीकडे माझं शेत. आपल्या रानात पाय ठेवण्याआधी "फरशी ओली हाय, जपून" असं ऐकावं लागणारा शेतकरी आमच्या चौसाळा गावात तरी माझ्याशिवाय कुणी नसावा.

शेत केवढं, तर आठ बाजा शेजारी शेजारी टाकल्या तर नववीला जागा उरणार नाही एवढं. चहूबाजूंनी आठ घरांच्या पाठी; मागचं दार तेवढं मोहनरावांच्या घराला. पूर्वी तिथे आमचं सलग रान होतं. वाटणीत ते धाकट्या भावाकडे, संगमेशकडे गेलं आणि त्याने प्लॉट पाडून विकलं. पण विकताना त्याने माझा शब्द राखला. मी मागितलेला तुकडा त्याने वगळला आणि सातबाऱ्यावर माझ्या नावाने ठेवला. नकाशावर त्या तुकड्याकडे जाणारी वाटही होती. शाळेत भूगोल शिकवताना मी पोरांना सांगत असे की नकाशावर रेघ दिसली म्हणजे जमिनीवर तिथे काहीतरी असतंच. हे विधान मी आता मागे घेतो. घरं बांधताना एकाने न्हाणी जरा मागे सरकवली, एकाने जिना बाहेर काढला, एकाने पाण्याची टाकी बसवली. वाट कुणा एकाने खाल्ली नाही. सगळ्यांनी थोडी थोडी चाखली.

यात त्यांचाही दोष मी फारसा धरत नाही. आमच्या वस्तीत घरं अशी खेटून आहेत की एका घरात मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या घरातला माणूस शिंकतो. झाडं म्हणाल तर रंगाच्या रिकाम्या डब्यांतला गच्चीवरचा झेंडू. बागेसाठी मोकळी सोडलेल्या जागेत विजेचा डीपी उभा आहे, आणि त्याच्याभोवतीचं कुंपणच काय ते हिरवं, कारण त्याला तसा रंग दिला आहे.

आता त्या तुकड्यात काय आहे ते सांगतो. तिथे आमची रुद्राणी आहे. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, देहाला अग्नी देत नाहीत. बसवून पुरतात, आणि स्वतःचं रान असलं तर रानातच. म्हणजे कामाला येता-जाता बेलाची दोन पानं वाहता येतात. रुद्राणी पहिलीत होती. ताप आला, बीडला नेईपर्यंत उशीर झाला. तेवढंच. वर एक दगडी ओटा आहे, गुडघ्याएवढा. मांडी घालून बसली की ती तेवढीच दिसायची.

श्रावणातल्या एका सोमवारी माझी बायको शिवम्मा नेहमीप्रमाणे मोहनरावांच्या स्वयंपाकघरातून जाऊन, बेल वाहून घरी आली आणि बाजेवर टेकली. तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं आणि बाकीचं माझ्याकडे बघून नुसतं सुचवलं होतं. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "माझं बी तिथंच करा. तिच्या शेजारी जागा हाय."

मी तिला पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन तीच म्हणाली, "पण नेणार कुठून? ताराबाईच्या ओट्यावरून?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. आमच्यात शेवटच्या प्रवासालाही माणूस बसूनच निघतो. आडव्या माणसाला अरुंद दारातून नेता येतं, बसलेल्याला नाही. मी शिक्षक माणूस, अंदाजावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी खिशात टेप घालून मोहनरावांकडे गेलो, चहा घेतला, आणि ताराबाई पाणी भरायला वळल्या तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराची रुंदी घ्यायला लागलो. उंची घेत असताना मागे मोहनराव येऊन उभे राहिले.

"काय मोजायलात गुरुजी?"

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की खोटं बोललं की अडकायला होतं. मी म्हणालो, "फ्रीज घ्यायचा विचार आहे. आमचं दार एवढंच आहे, बसेल का बघत होतो."

आमचं दार तेवढं आहे तर ते आमच्याच घरी का मोजलं नाही, असं विचारणारा माणूस मला परवडला असता. मोहनरावांनी तसं विचारलं नाही. त्यांनी मला खाली बसवलं आणि फ्रीज या विषयावर दुपारच्या जेवणापर्यंत सल्ला दिला. एका दाराचा की दोन दारांचा, बर्फ साचणारा की न साचणारा, भिंतीपासून किती लांब ठेवायचा. त्यांच्या साडूच्या फ्रीजचा सगळा इतिहास ऐकवला. संध्याकाळी दुकानदाराला घेऊन आमच्या घरी आले. त्याने आमचं दार मोजलं, आमची माठाची जागा नक्की केली आणि माठ उचलून बाहेर ठेवला. पुढे आठवडाभर तो रोज फोन करून ताईंना कोणता रंग आवडतो ते विचारत होता. शिवम्मा म्हणाली, "पांढरा सांगा."

मोहनरावांच्या स्वयंपाकघराचं दार अर्थातच अरुंद होतं.

मग मी रीतसर जायचं ठरवलं. शेताला रस्ता मिळावा म्हणून तहसील कचेरीत अर्ज केला. अर्ज फिरत फिरत आमच्या तलाठ्याकडे आला. तरुण, नम्र मुलगा. मला गुरुजी म्हणून खुर्ची दिली, सातबारा बघितला आणि डोकं खाजवलं. त्याचं म्हणणं असं, की शेतरस्ता हवा तर शेत हवं, शेत म्हणजे पीक, आणि माझ्या तुकड्यावर वर्षानुवर्षं पड अशी नोंद आहे. पडीक जमिनीत जायला माणसाला वाट कशाला लागते, असं वरचे साहेब विचारतील. मी म्हणालो, वाट नाही म्हणून तर पडीक आहे. तो म्हणाला, गुरुजी, हे मला कळतं, पण हे लिहायला रकाना न्हाई.

म्हणून या वयात मी शेतकरी झालो. दिवाळी झाल्यावर रुद्राणीच्या ओट्याभोवती मेथी पेरली. बियाणं ताराबाईंच्या डब्यातलं, पाणी त्यांच्याच नळाचं, आणि सल्ला आठ घरांचा. प्रत्येकाला मागची खिडकी होती आणि प्रत्येक खिडकीत शेतीचा जाणकार होता. दाट पडली, पातळ पडली, खोल गेली, वरच राहिली. मेथी बोटभर आली आणि शेजारच्या धुळाजीची शेळी कडब्याच्या गंजीवरून भिंत ओलांडून आत उतरली. धुळाजीचं सारं आयुष्य शेरडं राखण्यात गेलेलं. मी तक्रार केली तेव्हा त्याने शांतपणे तंबाखू मळली.

"गुरुजी, शेळीला सातबारा कळत न्हाई," तो म्हणाला. "तिनं हिरवं बगितलं अन् गेली. तुमीच पेरलं नसतं तर ती कशाला गेली असती?"

मी पुन्हा पेरली. मग पिकाची नोंद मोबाईलवर करायची होती. शेतात उभं राहून फोटो काढायचा, की मोबाईल आपोआप जागा ओळखतो. माझ्या मोबाईलने ओळखलेली जागा ताराबाईंच्या शेगडीवर निघाली. मी एक पाऊल सरकलो तर त्याने मला धुळाजीच्या गोठ्यात दाखवलं. आपण नक्की कुठे उभे आहोत ते एखाद्या यंत्राने असं ठरवावं, हा माझा अपमान होता. पण तिकडे दुर्लक्ष करून मी फोटो काढत राहिलो आणि शेवटी एकदाचा माझ्याच शेतात सापडलो.

तलाठी पाहणीला यायचा दिवस ठरला आणि त्याच दिवशी मोहनराव घराला कुलूप लावून तेलगावला लग्नाला गेले. आता जायचं कसं? धुळाजी म्हणाला, माझ्या भिंतीवरून जा. त्याने शिडी लावली, मी वर चढलो, पलीकडे लोंबकळलो आणि मेथी वाचवत खाली उतरलो. धोतर एका खिळ्याला अडकलं, त्याचं वर्णन करत नाही. धुळाजी शेळ्या घेऊन बाजारला गेला. त्याच्या बायकोला, रतनबाईला, यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने शिडी उचलली, पत्र्यावरचा कडबा काढायला नेली, खाली उतरून ती पत्र्यावर सरकवून ठेवली आणि रानात निघून गेली. मी सरपंचाच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारू शकतो, चाळीस पोरांच्या वर्गावर तयार झालेला आवाज आहे. पण सेवानिवृत्त मुख्याध्यापकाने आठ घरांच्या मधून "मला बाहेर काढा" असं कसं ओरडायचं? मी ओट्याजवळ बसून राहिलो.

फोन वाजला. तलाठी मोहनरावांच्या कुलुपासमोर उभा होता.

"गुरुजी, कुठं हाव तुमी?"

"शेतात."

"शेत कुठंय?"

"घरांच्या मागे."

"मग मी येऊ कुठून?"

"त्यासाठीच तर अर्ज केलाय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं गुरुजी, तुमी शेतात हाव एवढं मी लिहून घेतो." आणि गेला.

उन्हं कलली, शाळा सुटली. आधी एका खिडकीत समोरच्या घरातल्या प्रणिताचं डोकं आलं, मग धुळाजीच्या नातवाचं, रामेश्वरचं. शिडी पत्र्यावर आहे आणि आजी आल्याशिवाय ती निघत नाही, अशी बातमी त्याने दिली. बघता बघता कुलूपबंद घर सोडून सगळ्या खिडक्या भरल्या. गजांतून कुणी दोरीला बांधून पाण्याची बाटली सोडली, कुणी गुंडाळलेली पोळी फेकली. या पोरांना खेळायला जागा नाही; गल्लीत उतरली की मोटरसायकल अंगावर येते. त्यामुळे मागच्या जागेत एक म्हातारा अडकलेला असणं ही त्यांना मोठीच करमणूक होती. पण समोर इतकी तोंडं दिसली की माझा नाइलाज होतो. मी मेथीचं एक रोप उपटलं, त्याचं मूळ दाखवलं, आणि मुळाने पाणी कसं वर जातं ते सांगायला लागलो. मग पाढे घेतले. मग, सवय जात नाही, प्रत्येक खिडकीकडे बघून हजेरी घेतली.

हजेरी संपली तेव्हा प्रणिता म्हणाली, "गुरुजी, एक राहिली."

"कोण?"

तिने ओट्याकडे बोट केलं. "ती. आजी म्हणती तिथं तुमची पोरगी हाय. कितवीत हाय ती?"

"पहिलीत," मी म्हणालो.

"मग घ्या की नाव."

मी नाव घेतलं. ते मोठ्याने घेऊन किती दिवस झाले होते कोण जाणे. शिवम्मा आणि मी घरात ते कधी घेत नसू. आठ भिंतींत ते जरा घुमलं, आणि रामेश्वर त्याच्या खिडकीतून म्हणाला, "हजर."

दुसऱ्याची हजेरी देणाऱ्या पोरांना मी जन्मभर बाकावर उभं केलं आहे. त्या दिवशी मी ती हजेरी धरली.

दिवेलागणीला मागच्या दाराची कडी वाजली. मोहनराव फेटा बांधलेले, ताराबाई पैठणीत. एक क्षण माझ्याकडे, एक क्षण खिडक्यांकडे बघून मोहनराव म्हणाले, "गुरुजी, चहा घेता ना?"

त्या चहावर मी सगळं सांगून टाकलं. दाराचं माप कशासाठी घेतलं होतं, वाट कशासाठी हवी होती. मोहनरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजे फ्रीज घ्यायचा नव्हता?" ते म्हणाले.

ताराबाई मात्र स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. तिथूनच बोलल्या. "लेकराचं येगळं, गुरुजी. ती आमच्या आदीपासून हाय. माझी पोरं तिच्या समोर वाढली. सणाला मी बी निवद ठेवती. पण आता आनखी एक, माझ्या ओट्याच्या मागं... मला रोज तिथं भाकरी थापायची असती." आणि त्यांचे डोळे भरले. मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या हातात माझीच कपबशी होती, ती विसळायला त्या तिथेच जाणार होत्या.

घरी येऊन शिवम्माला सांगितलं. ती म्हणाली, "तिचं काय चुकलं? ती तिथं सैपाक करती."

पुढच्या महिन्यात निकाल आला. सरकारी मराठी मला चांगली समजते, तरी तो दोनदा वाचला. अर्जदार पाहणीच्या दिवशी स्वतः शेतात हजर होता. त्याअर्थी शेतात जाण्यास वाट उपलब्ध आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मी लगेच अपील लिहायला बसलो. पहिल्याच परिच्छेदात मला खिळा, धोतर आणि शेळी यांचा उल्लेख करावा लागत होता. शिवम्मा बाजेवरून बघत होती.

"ठेवा ते पेन," ती म्हणाली. "कुणाकुणाच्या भिंती पाडनार हाव? त्या भिंतींत लेकरं हायत."

"मग तुझं?"

"गावाबाहेर आपल्या समाजाची जागा हाय ना, तिथं करा. तिला मात्र माझ्याकडं आणा." मी पेनाला टोपण लावलं. "तिची माती आणा मूठभर. माझ्या मांडीवर ठिवा. तिथंच बसायची ती."

त्यानंतरच्या सोमवारी ती शेवटची तिथे गेली. मोहनराव आणि मी दोन बाजूंनी धरून तिला नेलं. ताराबाईंनी मागच्या उंबऱ्यावर रजई घडी करून टाकली होती. शेगडी बंद ठेवली होती, जेवणाची वेळ असून. शिवम्मा उंबऱ्यावर बसून बघत राहिली. खिडक्यांतून पोरांनी तिला कुणी न सांगता पाढे म्हणून दाखवले. सातचा पाढा रामेश्वरने चुकवला. तिने मान हलवून दाद दिली, कारण पाढे तिला येतच नव्हते. घरी येताना म्हणाली, "जागा लहान हाय, पर गलबला चांगला हाय. तिला एकटं वाटत नसंल."

माघ संपता संपता ती गेली. पहाटे, झोपेत.

अशा दिवशी घरात किती माणसं होतात आणि प्रत्येकजण काय काय सांगतो हे सर्वांना माहीत आहे. खुर्ची सजवताना तिची पाठ सरळ ठेवण्यावर दोन पक्ष पडले. फुलं चौसाळ्यात पुरली नाहीत म्हणून कुणी बीडला धाडलं. फ्रीजचा दुकानदार हार घेऊन आला आणि कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता. त्याचं आणि तिचं रंगाशिवाय काही बोलणं झालेलं नव्हतं, तेही फोनवर, माझ्यामार्फत. या सगळ्यात मी, तिने एकच गोष्ट मागितलेली, ती विसरलो. विधीला आलेल्या जंगम स्वामींनी निघायचं का म्हणून विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मोहनरावांकडे जायचं म्हणजे चपला काढा, बैठक, स्वयंपाकघर. तेवढंही अंतर मला चालवणार नव्हतं.

तोवर गल्लीच्या टोकाकडून पोरं येताना दिसली. पुढे प्रणिता, मागे बाकीची. कुणाच्या कंपासपेटीत, कुणाच्या डब्याच्या झाकणात, लहानांच्या नुसत्या मुठीत माती होती. ताराबाईंनी सकाळीच दोन्ही दारं सताड उघडली होती आणि पोरांना एकेक करून आत घेतलं होतं. मला नंतर कळलं, शिवम्माने मातीचं त्यांना त्या शेवटच्या सोमवारी सांगून ठेवलं होतं. त्यांची फरशी मातीने भरली होती, आणि त्या मांडणीजवळ उभ्या राहून "सावकाश" एवढंच म्हणत होत्या.

पोरांनी ती माती शिवम्माच्या मांडीवरच्या पदरात ठेवली. रामेश्वर शेवटी आला. त्याची मूठ उघडेना, इतकी घट्ट धरली होती. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. पहिलीतल्या पोरांना पेन्सिल धरायला शिकवताना सोडवतो तशी.

"गुरुजी, बास का?" त्याने विचारलं.

"बास," मी म्हणालो.

गावाबाहेर आमच्या समाजाच्या जागेतही आता दाटी झाली आहे. तिला कडेची जागा मिळाली, रस्त्याला लागून. पहिले दिवस मी रोज पाणी घालत होतो. एका सकाळी बघतो तर माती वर उचललेली, आणि तिच्यातून दोन दोन पानं. पाहणी झाल्यावर मेथीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती तिथेच वाळून तिच्या शेंगा ओट्याभोवती फुटल्या होत्या, आणि पदरात न मावलेली माती आम्ही वर पसरली होती, तिच्याबरोबर पोरांच्या मुठींतलं बी इथे आलं होतं. मी उपटणार होतो. उपटली नाही.

आता मला दोन शेतं आहेत. पहिल्यात सोमवारी जातो. चहा होतो, बेल वाहून झाला की खिडक्या भरतात आणि पाढे होतात. हजेरीत रुद्राणीचं नाव घेतो. कोण हजर म्हणतं ते बघत नाही. दुसऱ्यात रोज संध्याकाळी जातो. तिथे पीक उभं आहे, तलाठ्याला पड लिहिता येणार नाही. वाटही आहे, ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद. कुणाच्या दारात चपला काढाव्या लागत नाहीत. कुणी फरशी ओली आहे म्हणून सांगत नाही. चहाला मध्ये एकही घर लागत नाही.